मनी व्याली! मांजरप्रेमींनो, इकडे या

अंगणवेल

मंडळी, मांजरांची चौकशी करणारे इथे बरेच आहेत. पण प्रत्येकाचा प्रश्न वेगळ्या धाग्यात पडतो आणि वाहून जातो. म्हणून हा एकत्र धागा. गमतीजमती सांगा, खोड्या सांगा, आणि पिल्लांच्या काळजीचं ज्यांना नीट ठाऊक आहे त्यांनी हात राखून लिहू नका.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही रत्नागिरीजवळ राहतो, जुनं कौलारू घर आहे. आमची ठकी तिरंगी, म्हणजे पांढऱ्यावर काळे नि नारिंगी ठिपके. गेल्या पावसाळ्यात पडवीत आली, चुलीजवळ बसली आणि घर धरलं. आता व्याली आहे. व्यायच्या आधी आठवडाभर तिने सगळ्या घराची पाहणी केली. माळ्यावर जाऊन आली, लाकडाच्या खोलीत घुसली, तांदळाच्या पिंपामागे बसून बघितलं. मी पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ गोधडी घालून दिली होती, तिच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी सासूबाईंच्या कपाटातल्या नऊवारींवर तीन पिल्लं घातली: एक नारिंगी, एक काळं-पांढरं आणि एक आईसारखं तिरंगी. सासूबाई एरवी त्या कपाटाला कुणाला हात लावू देत नाहीत. पण त्या दिवशी म्हणाल्या, "राहू दे गो, बाळंतीण आहे."

डोळे उघडायच्या आतच तिने पिल्लं हलवायला सुरुवात केली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते अगदी खरं. कपाटातून माळ्यावर, माळ्यावरून न्हाणीघरामागच्या लाकडांत, तिथून शेजारच्या काकूंच्या गोठ्यात. मानेची कातडी अलगद दातांत धरते. आणि पिल्लू काय करतं बघा: एरवी चूंचूं करून घर डोक्यावर घेणारा तो जीव एका क्षणात गप्प होतो, मागचे पाय पोटाशी घेतो, शेपूट वर वळवतो आणि अंग सैल सोडून देतो. ती पडवीच्या कठड्यावरून उडी मारते तरी ते हूं की चूं करत नाही. मी शेजारून चालत होते, माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मला मनापासून वाटतं ते असं. आपल्याकडे मांजरावर माया करणारे खूप आहेत, पण ती माया बहुतेक अंदाजाने चालते. दूधभात घातला की झालं, पिल्लं आपोआप वाढतात, जास्त झाली तर मासळीबाजारात नेऊन सोडायची. मांजराचं शरीर आणि स्वभाव दोन्ही वेगळे आहेत. ते समजून घेतलं तर तिच्यासोबत राहण्याचा आनंदही दुप्पट होतो. तर लिहा.

खारवी

वा! ठकीला आणि बाळांना उदंड आयुष्य. मी म्हापशाचा. आमच्या बाजारातली मांजरं बघायला या एकदा. कुठल्या मासेवालीकडून काय मिळतं हे त्यांना पाठ असतं. एक पिवळट भाटी आहे, ती रोज एकाच बाईच्या पाटासमोर बसते. बांगड्याचं डोकं टाकलं की आधी पंजाने उलटवते, कल्ले बाजूला काढते आणि मग गालाचा मऊ भाग खाते. शेजारी मांदेलीचा ढीग पडला असला तरी तोंड लावत नाही. ती बाई म्हणते, "हिका माझ्यापरस नुस्ते कळता." म्हणजे हिला माझ्यापेक्षा मासे जास्त कळतात.

फक्त एक सांगतो. शिजवलेल्या माशाचा काटा पिल्लाला जाऊ देऊ नका. मांजर काटे सांभाळून खातं हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. घशात अडकलं की तोंडाला फेस आणि पंजे मारणं सुरू होतं.

ओसरी

मी प्राण्यांची डॉक्टर आहे, छोटा दवाखाना चालवते. अंगणवेल, धागा काढलात हे फार बरं केलंत. पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे रोज कुणीतरी पिशवीत पिल्लू घेऊन येतं, आणि निम्म्या वेळा आई तिथेच आसपास असते. ती दुसरी जागा शोधायला किंवा खायला गेलेली असते. म्हणून पिल्लं एकटी दिसली की लगेच उचलू नका. लांब उभं राहून काही तास वाट बघा. पाऊस, कुत्रे किंवा रहदारीचा धोका असेल तर गोष्ट वेगळी.

आई खरंच नसेल तर पहिलं काम ऊब देण्याचं. दूध त्यानंतर. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही, जीवावर बेततं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि पिल्लाला तिच्यापासून सरकायला जागा ठेवा. अंग कोमट लागलं की मग पाजा. गाईचं-म्हशीचं दूध नको, त्याने जुलाब लागतात आणि एवढासा जीव दिवसभरात सुकतो. मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, ती आणा. पाजताना पिल्लू पोटावर, चार पायांवर असू द्या. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध श्वासनळीत जातं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं: साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून शी-शू होत नाही. आई चाटून करवते. आई नसेल तर प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हळुवार पुसायचं. पोट फुगलं म्हणून दवाखान्यात आणलेल्या कित्येक पिल्लांचं दुखणं एवढंच असतं.

घरात वजनाचा छोटा डिजिटल काटा असेल तर रोज वजन करा. जन्मताना पिल्लू १०० ग्रॅमच्या आसपास असतं आणि रोज थोडं थोडं वाढायला हवं. एक दिवस वजन थांबलं की सावध व्हायचं, घटलं की थेट डॉक्टर. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. चिकटले म्हणून नखाने उघडायला जाऊ नका.

नाचणी

ओसरीताई, माहितीबद्दल आभार, पण थोडं वेगळं मत मांडते. आमच्या गावी, कराडकडे, घरात कायम मांजरं होती. दूधभात, भाकरीचा कुस्करा, कधी ताकातली भाकरी. चांगली धष्टपुष्ट असायची. हे पाकिटातलं खाणं शहरातल्या लोकांचं खूळ आहे असं आमच्या आईचं म्हणणं.

ओसरी

नाचणी, तुमच्या आईंनी पाहिलंय ते खोटं नाही. पण त्या मांजरांचं खरं जेवण घरात नव्हतंच. ते कणगीखाली, गंजीत आणि शेतात होतं. उंदीर, पाली, चिमण्या खाऊन ती जगत होती, दूधभात वरचा खाऊ होता. फ्लॅटमधल्या मांजराला उंदीर कुठून मिळणार? ती खरोखरच दूधभातावर राहते.

मांजराला टॉरिन नावाचा घटक लागतो. कुत्र्याचं शरीर तो बहुधा स्वतः तयार करतं, मांजराचं पुरेसा करू शकत नाही. तो मांस-मासळीतूनच यावा लागतो. कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय फुगून कमकुवत होतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मांजरांचा हा हृदयविकार आणि टॉरिनचा संबंध दाखवून दिला आणि त्यानंतर तयार खाण्यातलं टॉरिन वाढवलं गेलं. त्या आधी चांगल्या घरची, लाडाकोडातली मांजरं यानेच जात होती.

दुपारचा_चहा

हे वाचून जीव धास्तावला. आमचं घर सदाशिव पेठेतलं, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा येत नाही. मनू मात्र जीव की प्राण. ती श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून लख्ख करते, म्हणून आम्हाला वाटायचं की तिला गोड आवडतं आणि हिचं आपल्यासारखंच आहे.

पश्चिमवारा

गोड तिला कळतच नाही. गोड चव ओळखणारं जे जनुक असतं ते मांजरवर्गात मोडकं आहे, अगदी वाघ-चित्त्यांतही. २००५ मध्ये हे सिद्ध झालं. श्रीखंडात तिला ओढतो तो चक्क्यातला स्निग्धांश.

आणि घर शाकाहारी असलं तरी अडत नाही. आमच्या आईंच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात मांस येणं शक्य नव्हतं. मग मांजराच्या कोरड्या खाण्याचा स्टीलचा डबा गॅलरीत, तिची वाटी वेगळी, तिचा चमचा वेगळा. सुरुवातीला आई नाक मुरडायच्या. आता सकाळी देवपूजा झाली की आधी गॅलरीत जाऊन वाटी भरतात आणि मग चहा घेतात.

दुपारचा_चहा

हे आवडलं! डब्याची युक्ती आजच करते.

सांजवेळ

खोड्यांबद्दल कुणीच लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. आमचा बोका बंड्या रात्री अंगावर चढून कणीक मळतो. डावा-उजवा, डावा-उजवा, डोळे अर्धे मिटलेले, नखं थोडी बाहेर, घुर्र घुर्र चालू आणि लाळेचा एखादा थेंब पांघरुणावर. पिल्लू असताना दूध उतरावं म्हणून आईचं पोट असंच दाबायचं, ती सवय मोठेपणी सुटत नाही. म्हणजे तुमच्या पोटावर तो मळतो तेव्हा तुमच्याजवळ त्याला पुन्हा तितकंच निर्धास्त वाटत असतं. नखं टोचली तर ओरडू नका, मधे जाड चादर घ्या.

दुसरं म्हणजे डोळ्यांची भाषा. मांजर लांबून तुमच्याकडे बघत सावकाश डोळे मिटतं-उघडतं ना, ते मायेचं असतं. इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांनी २०२० मध्ये यावर प्रयोग केले. माणसाने तसे सावकाश डोळे मिटले तर मांजरंही उलट तसं करतात, आणि अनोळखी माणसानेही केलं तर त्याच्याकडे यायला जास्त राजी होतात. घाबरट मांजर असेल तर हे नक्की करा. टक लावून बघणं त्यांना धमकी वाटते. म्हणून तर पाहुण्यांपैकी ज्याला मांजर आवडत नाही, जो तिच्याकडे बघतही नाही, नेमकी त्याच्याच मांडीवर जाऊन बसते.

नाव कळतं का, असंही लोक विचारतात. कळतं. जपानमधल्या प्रयोगात मांजरांनी सारख्या वाटणाऱ्या इतर शब्दांतून स्वतःचं नाव बरोबर ओळखलं. उठून यायचं की नुसता कान हलवायचा हे मात्र ते ठरवतात :)

रानवाट

अंगणवेल, तुमचं नारिंगी पिल्लू बोका आहे का? असेल तर हे वाचा. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. नराला एकच एक्स मिळतो आणि तो आईकडून, म्हणजे बोक्याचा नारिंगी रंग आईचाच. बाप काळा असो की पांढरा. मादीला दोन एक्स. एकावर नारिंगी आणि दुसऱ्यावर काळा असेल तर अंगावर ठिकठिकाणी कधी हा, कधी तो जागा राहतो आणि ठिपके पडतात. म्हणून तिरंगी मांजरं जवळपास सगळ्या माद्या असतात. तिरंगी बोका फारच दुर्मीळ, आणि बहुधा त्याला पिल्लं होत नाहीत. हे गणित शंभर वर्षांपासून माहीत होतं, पण नेमका बदल कुठे आहे तो सापडला २०२५ मध्ये, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड आणि जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या गटांना. एका जनुकातला डीएनएच्या सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा गळालेला आहे, एवढंच. त्या गळालेल्या तुकड्यातून गल्लोगल्लीचे सगळे नारिंगी बोके आले!

अंगणवेल

हो, बोकाच आहे! सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी आधीच सांगितलं होतं, आईवर गेलाय."

पाणकळा

मी डोंबिवलीत आठव्या मजल्यावर राहतो आणि मला एक पिल्लू हवं आहे, पण घरचे घाबरतात. मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं असं मित्र सांगतात. खरं का?

ओसरी

पायांवर उतरतं, पण म्हणून वाचतं असं नाही. न्यूयॉर्कमधल्या एका दवाखान्यात इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ मध्ये छापून आली आणि त्यातली सुमारे ९० टक्के वाचली. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. पण ती दवाखान्यापर्यंत पोचलेली मांजरं होती. जी खालीच गेली ती मोजलीच नाहीत. आणि जी वाचली त्यांतल्या अनेकांना जबडा, पाय, छातीच्या दुखापती होत्या. आठव्या मजल्यावर जाळीला पर्याय नाही. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी काही बोके दातांनी तोडतात, म्हणून मजबूत जाळी घ्या आणि खिडक्यांनाही लावा. पिल्लू गजांमधून सहज निसटतं.

शहरातल्या घरातली आणखी काही संकटं इथेच सांगते. क्रोसिन, म्हणजे कुठलंही पॅरासिटामॉल, मांजराला विषच आहे, अर्धी गोळीसुद्धा. ताप आला म्हणून प्रेमाने देतात आणि मांजर जातं. कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यातल्या परमेथ्रिनने झटके येतात. फुलदाणीत लिली ठेवू नका. तिचे परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं बंद पडतात. बोका वारंवार शी-शूच्या ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री डॉक्टर गाठा.

आजोळ

माझा प्रश्न नाजूक आहे. सूनबाईंना दिवस गेलेत आणि सगळे नातेवाईक मांजर घालवा म्हणून मागे लागले आहेत. मांजर सूनबाईंचीच, माहेराहून आलेली. ती रडते आहे. काय करावं?

ओसरी

काकू, मांजर घालवू नका. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. मांजराला त्याची लागण झाली तर साधारणपणे आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे ते विष्ठेतून बाहेर पडतं. आणि बाहेर पडल्यावर ते लागण करण्याजोगं व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ करायचा आणि तो सूनबाईंनी करायचा नाही, मुलाने करायचा. मांजराला कच्चं मांस घालायचं नाही, बाहेर सोडायचं नाही. सूनबाईंनी बागेतली माती हाताळताना हातमोजे घालावेत. खरं तर ही लागण न धुतलेली भाजी आणि अर्धकच्चं मांस यांतून जास्त होते. बाळंतपणाच्या डॉक्टरांना सांगून रक्ततपासणी करून घ्या आणि नातेवाइकांना माझी ही पोस्ट दाखवा.

आजोळ

देव तुमचं भलं करो. मुलाला आत्ताच ट्रेच्या कामाला लावलं.

खारवी

कुणी चिडणार असेल तर चिडो, मला नसबंदीबद्दल बोलायचं आहे. बाजारात दर पावसाळ्यात पोती भरून पिल्लं सोडलेली बघतो. पावसात भिजतात, कुत्रे फाडतात. सोडणारी माणसं वाईट नसतात, घरी मांजरांवर माया करणारीच असतात. मग वेळेवर ऑपरेशन का करत नाहीत?

नाचणी

आमच्याकडे म्हणतात, मादीला एक वेत तरी होऊ द्यावं, नाहीतर तिच्या जीवाला चुटपुट राहते. पाप लागतं असंही म्हणतात.

ओसरी

चुटपुट राहत नाही, हे मी रोज बघते. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर पुढे स्तनांच्या कर्करोगाचा धोका फारच कमी होतो. गर्भाशयाचा पू होण्याचा प्रश्न राहत नाही. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, म्हणजे ती स्वतःच पिल्लू असते. नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. अंगणवेल, तुमच्या ठकीबद्दलच सांगते आहे. पिल्लं दूध सोडून खायला लागली की तिला घेऊन जा, आणि तोवर आसपासच्या बोक्यांपासून लांब ठेवा. डाव्या कानाचं टोक कापलेलं मांजर रस्त्यात दिसलं तर कुणीतरी तिचं ऑपरेशन करून सोडलंय असं समजा, पुन्हा पकडू नका.

पश्चिमवारा

मी मेलबर्नला असते. इथे तीन महिन्यांवरच्या मांजराची नोंदणी आणि मायक्रोचिप सक्तीची आहे. काही कौन्सिलांत रात्री आणि काहींत चोवीस तास मांजर आपल्या हद्दीबाहेर जाऊ द्यायचं नाही. शेरब्रूकच्या जंगलाजवळ लायरबर्ड नावाचा जमिनीवर चरणारा पक्षी आहे, त्याच्यासाठी तिथे हा नियम फार पूर्वीपासून आहे. आधी जाचक वाटलं. पण माझी मनी खिडकीत बसून पक्ष्यांकडे बघत कच-कच-कच असा दात वाजवल्यासारखा आवाज करते आणि तिचा दिवस छान जातो. गावाकडच्या मोकळ्या मांजरांबद्दल मी बोलणार नाही, तिथलं घर वेगळं, अंगण वेगळं. फ्लॅटवाल्यांनी मात्र मांजर डांबल्याची खंत करू नये. चढायला उंच फळी, नखं घासायला काथ्या गुंडाळलेला खांब आणि रोज संध्याकाळी दोरीमागे पळायचा खेळ एवढं दिलं की ती खूश असते.

सांजवेळ

काथ्याला +१. आमच्या सोफ्याचा जीव त्यानेच वाचला.

आणि एक विनंती. दिवाळी जवळ येतेय. मांजराला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीचं ऐकू येतं, ६४ किलोहर्ट्झपर्यंत. आपली मर्यादा २०. फटाक्यांच्या चार रात्री तिला आतल्या खोलीत, पडदे ओढून, तिच्या गोधडीसह राहू द्या. कपाटात शिरून बसली तर ओढून बाहेर काढू नका.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठकी पिल्लं घेऊन पुन्हा घरात आली आहे, या वेळी पडवीतल्या झोपाळ्याखाली. पिल्लांचे डोळे निळे आहेत अजून. काळं-पांढरं सगळ्यात दांडगं, भावंडांच्या डोक्यावर पाय देऊन दुधाशी पोचतं. ठकीला मासळी आणि कोरडं खाणं दोन्ही सुरू केलंय. तिच्या ऑपरेशनची डॉक्टरांकडे नोंद केली.

तिरंगी पिल्लू सासूबाई कुणाला देणार नाहीत. काळं-पांढरं शेजारच्या काकूंनी मागितलंय, त्यांच्या गोठ्यात उंदीर फार. नारिंगी बोक्याला घर हवं आहे. पण आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडणार नाही. घरात जाळी हवी आणि वेळ आल्यावर नसबंदी करायची तयारी हवी. जो नेईल त्याने मला महिन्यातून एकदा फोटो पाठवायचा.

पाणकळा

अंगणवेलताई, मला द्या. घरच्यांना सगळा धागा वाचायला लावला आणि आईच आता रोज विचारतेय कधी आणायचा म्हणून. गॅलरीला नि दोन्ही खिडक्यांना जाळी लावायला माणूस उद्या येतोय, झाली की फोटो इथेच टाकतो. येताना गाडी घेऊन येईन. सोबत काय आणू?

ओसरी

झाकणाचा कॅरियर आणा, मांडीवर घेऊन मोटारीत बसू नका. निघताना ठकीच्या अंथरुणातला एखादा तुकडा मागून घ्या आणि कॅरियरमध्ये घाला, ओळखीच्या वासाने तो शांत राहतो. घरी गेल्यावर पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा, सगळं घर एकदम दाखवू नका. आठव्या आठवड्याला पहिली लस, जंताचं औषध आणि तीन महिन्यांचा झाला की रेबीजची. ट्रे आणि खाण्याची वाटी एकमेकांपासून लांब.

अंगणवेल

पाणकळा, ठरलं तर. सासूबाई विचारताहेत, तुमच्याकडे मासळी येते का?

पाणकळा

आठवड्यातून दोनदा! त्यांना सांगा, काटे काढून देऊ.